धवल्यांचा मान

आमच्या खारबावात आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारणीला मान. हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यांवर, म्हणजे धवल्यांवर चालतात. हा मान माझा होता. आता लोक गोदूला बोलावतात आणि माझं पित्त खवळतं.

बरं, दमा आम्हा दोघींना. तरी ती मांडव गाजवते आणि मी चार ओळींत धापा टाकते. वर बया चारचौघांत पंप ओढते. पंप म्हणजे शेवटची पायरी, असंच सगळे मानतात. धवलारणीचा श्वास संपला म्हटल्यावर सुपारी कोण देणार? म्हणून मी निळा पंप कनवटीला लपवायचे आणि न्हाणीत जाऊन ओढायचे. डॉक्टरांनी तपकिरी पंपही दिला होता, रोज घ्यायला. त्याने काहीच वाटेना, म्हणून बंद केला.

गावात पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या लग्नसराईत आमच्या आळीतल्या रामनाथभाऊंनी लेकीच्या हळदीला मुद्दाम मलाच बोलावलं. गोदू नुसती पाहुणी. मी तिच्याकडे बघत बघत आवाज लावला आणि तिसऱ्याच धवल्याला छाती आवळली. न्हाणीत जाऊन निळा पंप दाबला, पुन्हा पुन्हा दाबला. उपयोग होईना. डोळ्यांपुढे अंधारी आली. बाहेर गोदूने माझा धवला उचलला होता, मी सोडला त्याच ओळीवर. जीव चालला होता, तरी मेलीचा सूर मला नीट ऐकू येत होता.

डोळे उघडले ते भिवंडीच्या दवाखान्यात. डॉक्टर चिडलेच होते.

“पूर्वी दम्याने पुष्कळ माणसं जायची. रोजचा पंप आल्यापासून कमी झाली. अजून जातात ती तुमच्यासारखी, नुसत्या निळ्यावर राहणारी. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आतली सूज तशीच राहते. त्यात इथल्या कापडाच्या लूमची धूळ. तपकिरी लगेच काही करत नाही, पण जगवतो तोच.”

मी मान फिरवली. लाजून लाजून जगण्यापेक्षा गेलेलं बरं, असंच वाटत होतं.

मग गोदू भेटायला आली. माझा हात हातात घेऊन अगदी मायेने म्हणाली, “कमलाबाय, काय काल्जी करू नको. तुझे नातीचे हलदीला मी हाय ना.”

ती गेल्यावर मी सुनेला, नेत्राला म्हटलं, “तो तपकिरी पंप आण. आत्ता.”

नात अजून बालवाडीत आहे. तिची हळद होईस्तोवर मला मरायला सवड नाही.