तुळाभारातलं वजन

"अठ्ठावन्न किलो," सुदेश छाती काढून म्हणाला. कुडाळच्या दवाखान्यात त्याची आई यशोदाबाई तापाने खाटेला खिळली होती. काट्यावर उभं राहायचं त्राण तिच्या पायांत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "रिपोर्टात मूत्रपिंडाचा आकडा येतो, तो सरासरी अंगाचा माणूस धरून. आई लहान चणीच्या. त्यांच्या अंगाच्या मानाने हिशेब केला तरच इंजेक्शन किती द्यायचं ते कळेल. जास्त झालं तर मूत्रपिंडंच जातील."

वजन ठाऊक होतं ते गेल्या जत्रेतल्या तुळाभारामुळे. एका पारड्यात आई, दुसऱ्यात नवसाचे नारळ; ते भरले अठ्ठावन्न किलो. सुदेश तेव्हा बोटीवर नोकरीला. फोनवर कळलेलं ते वजन त्याने अख्ख्या बोटीला ऐकवलं होतं. देवासमोरचं माप ते, खोटं कशाला असेल?

तरी बाहेर चहा घेताना त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी रिक्षातून उतरवताना आई फारच हलकी लागली होती. चहा निवून गेला. शेवटी त्याने बायकोला फोन लावला.

"शर्मिला, तुळाभारात आयेचा वजन अठ्ठावन्नच ना गो?"

शर्मिला हसली. "एकट्या आईंचा खंय? सृष्टी रडाक लागली म्हणान त्येंनी तिका मांडयेर घेतल्यानी. आजी-नातीचा मिळान ता वजन!"

ग्लास तिथेच टाकून सुदेश धावत सुटला. देवाला आजी-नात एकत्र चालली, औषधाला कशी चालेल? नर्स सुई घेऊन खाटेशी वाकलीच होती. "थांबा!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचा पेशंट उठून बसला.

डॉक्टरीणबाईंनी काटा मागवला. "आधी तुम्ही एकटे चढा. आता आईंना उचलून चढा." त्यांनी वजाबाकी केली. "अडतीस. डोस बराच कमी करावा लागेल."

सुदेशच्या कानात अडतीसच घुमत राहिलं. बारा किलोची नात वजा केली तरी बाकीची आई गेली कुठे? बोटीवरून तो दर रविवारी विचारायचा, "जेवलंस मा गे?" ती म्हणायची, "जेवलंय रे," आणि हा गाढव निर्धास्त झोपायचा. त्याचे डोळे भरून आले.

"माका खाली ठेव रे, लोक बगतत," आई पुटपुटली.

"बगांदेत," तो म्हणाला. काट्यावरून उतरला, पण तिला खाली काही ठेवलं नाही.