अर्डिसच्या हाताचं माप

डॅरिनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर गुलाबी मुठीचं एक इवलंसं पिस्तूल ठेवलं, तेव्हा त्याच्या आईला आधी वाटलं, नातीसाठी घेतलेलं खेळणंच दाखवतोय.

"तुझ्यासाठी आणलंय, आई," डॅरिन म्हणाला. "लहान हाताला लहान पिस्तूल. दुकानातला माणूसच म्हणाला, बायका हेच नेतात."

"त्याने माझे हात कधी पाहिले?" अर्डिस हॉगनने विचारलं.

 डॅरिनने कॉफीचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर माना टाकून उभ्या असलेल्या सूर्यफुलांकडे पाहत बसला.

आदल्या रविवारी अर्डिस चर्चला गेली असताना कुणीतरी तिचं मागचं दार लाथेने फोडलं होतं. ती रविवारी नऊ ते बारा घरी नसते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक, तेव्हा चोराला फार डोकं चालवावं लागलं नसणार. लाकूड कापायचं यंत्र गेलं, चांदीचे चमचे गेले, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या अर्लिनचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, मनगटी घड्याळ गेलं. शेरीफच्या माणसाला यायला पन्नास मिनिटं लागली. त्याने वहीत लिहून घेतलं, दोन बिस्किटं खाल्ली आणि काळजी घ्या म्हणून निघून गेला. चिखलाचे बूट पार झोपायच्या खोलीपर्यंत उमटले होते. ते पुसताना अर्डिसला भीती वाटली नाही. संताप आला, आणि तो अजून उतरला नव्हता.

"बिस्मार्क शहरात आमच्याकडे खोली तयार आहे," डॅरिन चौथ्यांदा म्हणाला. "इथे हाकेच्या अंतरावर माणूस नाही. उद्या तू घरात असताना कुणी आलं तर?"

"मी हे घर सोडणार नाही."

"बरं, मग असं करू. दोन आठवड्यांनी, शनिवारी मी येतो. सात पावलांवर कागदी थाळी लावायची. पाच गोळ्या. पाचही थाळीत लागल्या तर मी बिस्मार्कचं नाव काढणार नाही. एक जरी बाहेर गेली, तर बर्फ वितळायच्या आत घर विकायला काढायचं. कबूल?"

"कबूल," अर्डिस म्हणाली.

डॅरिन इतका उदार का झाला हे तिला चांगलंच कळत होतं. अर्डिसचा नेम हा हॉगन घराण्यातला सगळ्यांत जुना विनोद होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अर्लिनने तिच्या हातात बंदूक देऊन कुंपणाच्या खांबावरचा डबा दाखवला होता, आणि तिने रस्त्याकडेची टपालपेटी फोडली होती. दर वर्षी सणाच्या जेवणात टर्की कापता कापता अर्लिन ती गोष्ट सांगायचा, आणि दर वर्षी टपालपेटी आणखी चार पावलं लांब जायची. पुढे अठ्ठ्याऐंशी साली धान्य चढवायच्या यंत्राने अर्डिसची उजवी तर्जनी अर्धी नेली. मग कुणी तिच्या हाती बंदूक दिलीही नाही, आणि तिने मागितलीही नाही. पोटचं पोरही तोच विनोद ऐकत ऐकत लहानाचं मोठं झालं होतं.

तो गेल्यावर अर्डिस ते गुलाबी प्रकरण घेऊन शेडमागच्या मातीच्या बांधाकडे गेली. मूठ एवढी आखूड, की करंगळीला जागाच नव्हती. ती बिचारी हवेत लोंबत राहिली. वरचं सरकतं लोखंड मागे ओढता ओढता नाकी नऊ आले. सहा गोळ्या झाडल्या. पिस्तूल हलकं, त्यामुळे सगळा झटका सरळ तळव्यात. एक गोळी थाळीच्या काठाला लागली, बाकीच्या कुठे गेल्या ते देवाला ठाऊक. तळवा लालभडक झाला. मग तिने तळघरातल्या कुलूपबंद कपाटातून अर्लिनचं जुनं मोठं रिव्हॉल्वर काढलं. ते रिकामं असल्याची खात्री करून नुसतं धरून पाहिलं, तर अर्धं बोट चापापर्यंत पोचेचना. मनगट वाकडं केलं तरच पोचायचं. बोटाला चापच सापडत नसेल तर भांडून उपयोग नव्हता. तिने ते परत ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा धास्ती वाटली, आणि ती चोराची नव्हती. बिस्मार्कमधल्या त्या तयार खोलीची होती. ती खोली तिने पाहिली होती. खिडकीतून शेजाऱ्यांच्या गॅरेजचं दार दिसायचं.

सोमवारी सकाळी ती मॅविस ट्वेटेनच्या दुकानात जाऊन उभी राहिली. मॅविसने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि आता ती गळाला लावायचे जिवंत मासे, काडतुसं, बंदुका आणि फुकट कॉफी एकाच काउंटरवरून द्यायची. बुधवारी ती बायकांना नेम धरायला शिकवायची. तिच्या आवाजाला अजूनही आख्खी बस गप्प बसली असती.

अर्डिसने गुलाबी पिस्तूल डब्यासकट काउंटरवर ठेवलं. मॅविसने डबा उघडला, आतलं पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं आणि नाक मुरडलं.

"कुणी दिलं हे? तुझ्यावर डूख धरून आहे की काय?"

"डॅरिनने. लहान हाताला लहान पिस्तूल म्हणे."

"पुरुषांची जात! बायकोचे बूट घ्यायचे तर तिला दुकानात नेतात, आणि पिस्तूल घ्यायचं तर रंग बघून. अगं, जितकं लहान तितकं लाथा झाडतं, आणि स्प्रिंगही तितकीच घट्ट. हे मुरलेल्या माणसाने खिशात ठेवायचं. ते राहू दे. हात टाक काउंटरवर. दोन्ही."

अर्डिसने हात ठेवले. बावीस वर्षं गाईंची धार काढलेले हात होते ते. लहान होते, पण लेचेपेचे नव्हते. मॅविसने ते उलटेपालटे करून पाहिले आणि मधेच विचारलं, "लेफ्सा कुठल्या हाताने उलटतेस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांग तर."

लेफ्सा म्हणजे बटाट्याची कागदाइतकी पातळ पोळी. दर शरदात चर्चच्या तळघरात सगळ्या बायका मिळून शेकड्यांनी लाटतात, आणि लांब चपट्या काठीने तव्यावर उलटतात. काठीचं टोक एवढंसं हललं की पोळी फाटते, आणि फाटली की आख्खं तळघर हसतं. बोट गेल्यापासून अर्डिस ती काठी डाव्या हातात धरायची. इतक्या वर्षांत तिची एकही पोळी फाटली नव्हती.

"डाव्या," ती सावकाश म्हणाली.

"वाटलंच मला. मी तुझ्या शेजारीच लाटत असते ना! आता दोन्ही हात लांब कर. पंजे जुळवून मधे छोटीशी खिडकी ठेव. त्या खिडकीतून भिंतीवरचा मासा बघ. दिसला? आता डावा डोळा मीट."

भिंतीवर भुसा भरलेला भलामोठा पाईक मासा टांगला होता. अर्डिसने डावा डोळा मिटला आणि मासा गायब झाला. खिडकीत नुसती लाकडी भिंत उरली. तिने डावा उघडून उजवा मिटला. मासा जागच्या जागी हजर.

"तुझा नेमाचा डोळा डावा आहे," मॅविस म्हणाली. "अर्लिनने तुला काय शिकवलं होतं?"

"डावा डोळा मीट आणि उजव्याने बघ."

"म्हणजे बघणारा डोळा मिटूनच तू टपालपेटी फोडलीस. कमालच म्हणायची, पेटी तरी लागली!"

अर्डिस खो खो हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं त्या माणसाने टेबलाभोवती लोकांना हसवलं, आणि चूक त्याचीच निघाली! आता घरी जाऊन त्याचे कान उपटावेत, तर तो घरी नव्हता. ही गोष्ट त्याला सांगता येणार नाही याचं तिला फार वाईट वाटलं.

मॅविसने तिला फार वेळ वाईट वाटू दिलं नाही. तिने काचेखालून एकेक पिस्तूल काढायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी रिकामं करून दाखवायचं, मगच अर्डिसच्या डाव्या हातात. पहिल्याची मूठ जाड होती. बोट चापाला जेमतेम टेकायचं. "नको," मॅविस म्हणाली. "बोटाच्या पेराचा गुबगुबीत भाग चापावर बसला पाहिजे. नुसतं टोक टेकलं तर नेम बाजूला ओढला जातो." दुसऱ्याला करंगळीला जागा नव्हती. तिसरं मध्यम आकाराचं, काळं, दिसायला अगदीच सामान्य. त्याच्या मुठीची मागची पट्टी बदलता येत होती. मॅविसने सगळ्यांत लहान पट्टी बसवली आणि गोळ्यांचं मॅगझिन सोडायचं बटण डावखुऱ्यांसाठी पलीकडच्या बाजूला फिरवलं.

अर्डिसने ते धरलं. अंगठा आणि तर्जनीमधली खोबण बरोबर नळीच्या मागे बसली. करंगळीला जागा मिळाली. चापाबाहेर सरळ ठेवलेलं बोट आत घेतलं की पेर आपसूक चापावर. उजवा हात पुढून वेढून बसला, आणि तिथे तुटक्या बोटाची काहीच अडचण नव्हती.

"वरचं लोखंड माझ्याने ओढवत नाही," तिने आधीच सांगून टाकलं.

"ओढू नकोसच. उजव्याने ते घट्ट धर, आणि डाव्याने मूठ पुढे ढकल. कणीक ढकलतेस तशी."

लोखंड खटकन सरकलं. अर्डिसने पुन्हा केलं, पुन्हा सरकलं. सहाव्यांदा केलं तेव्हा मॅविस म्हणाली, "पुरे, मासे घाबरतात." मग तिने बोटाच्या ठशाने उघडणारी एक पोलादी पेटीही पुढे ठेवली. "पलंगाशी पक्की बसव. नातवंडं येतात ना तुझ्याकडे? मग पिस्तूल एक तर तुझ्या हातात, नाही तर हिच्यात. तिसरी जागा नाही."

पुढचे बारा दिवस अर्डिस रोज दुपारी बांधाकडे जायची. पहिल्या दिवशी पाचातली एक लागली, तिसऱ्या दिवशी तीन. आठव्या दिवसापासून पाचही लागायला लागल्या आणि ती मोजेनाशी झाली. डॅरिनला फोनवर तिने एका शब्दाने सांगितलं नाही. मूग गिळून बसायची कला तिला अर्लिनमुळे चांगली अवगत होती.

शनिवारी डॅरिन अकरा वाजता आला. त्याच्या पिकअपच्या मागे घडी केलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत दोरीने बांधलेली होती. सामान भरायलाच आणली होती, आणि झाकायचंही त्याला सुचलं नव्हतं. अर्डिसने खिडकीतून ती पाहिली.  तिने मांस-बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं भट्टीत सरकवलं, हात पुसले आणि पोलादी पेटी उघडली.

"हे कुठलं?" बांधाशी डॅरिनने विचारलं. "आणि डाव्या हातात? आई, पैज आहे, थट्टा नाही."

"कान झाक," अर्डिस म्हणाली.

चार गोळ्या थाळीच्या मधोमध लागल्या, एवढ्या जवळ की वर बशी ठेवली असती तर झाकल्या गेल्या असत्या. पाचव्या वेळी तिच्या मनात ती खोकी आली. गोळीने थाळीचा काठ कुरतडला.

दोघं थाळीपाशी गेले. डॅरिनने काठावरचं अर्धं भोक बोटाने चाचपलं. "ही... ही अर्धी बाहेर आहे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच पटत नव्हता.

अर्डिस वाद घालू शकली असती. काठ हा थाळीचाच असतो. तिने खिशातून नवी थाळी काढून खिळ्याला लावली, सात पावलं मोजून मागे आली आणि पुन्हा पाच गोळ्या भरल्या. या वेळी मनात खोकी नव्हती, चर्चचा तवा होता. पाच गोळ्या, पाच भोकं, सगळी मधोमध.

डॅरिनने थाळी खिळ्यावरून काढून हातात घेतली. "बाबा असते तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"तर मी त्यांना सोडलं नसतं. जेवताना सांगते, टपालपेटीची खरी गोष्ट."

जेवण झाल्यावर ती तळघरात जाऊन अर्लिनचं रिव्हॉल्वर घेऊन आली. रिकामं असल्याचं उघडून दाखवलं आणि मुलाच्या हातात दिलं. लाकडी मुठीभोवती त्याची लांब बोटं सहज मिटली. लाकूड अर्लिनच्या हाताने जिथे झिजलं होतं, नेमका तिथेच त्याचा अंगठा बसला. अर्डिस बघतच राहिली. हुबेहूब अर्लिनचा हात.

"हे तुझ्या मापाचं आहे, घेऊन जा," ती म्हणाली. "ते गुलाबी त्या माणसाला परत दे, आणि म्हणावं, आधी हात बघायला शीक. आता ती खोकी आत आण."

डॅरिन गोंधळला. "खोकी? आई, तू जिंकलीस. तुला कुठेही जायचं नाहीये."

"माहीत आहे. तुझ्या बाबांचे कपडे भरायचेत. तीन वर्षं कपाटात तसेच लटकलेत. त्यांना हात लावायचा धीर होत नव्हता मला." तिने टेबलावरच्या बश्या गोळा करायला घेतल्या. "आता मी इथेच राहणार, तर मला ते कपाट लागेल."

डॅरिन दोरी सोडायला बाहेर गेला.