शेठनी निवडलेले नट

धाकट्या दिराला घरात सगळे शेठ म्हणत. आधी चेष्टेने म्हणत. पण चेष्टा त्याला कळली नाही आणि नाव अंगाला चिकटलं. शेठ उठले. शेठ जेवले. शेठ विचार करताहेत, आवाज करू नका. हल्ली शेठनी कार्डं छापून घेतली होती. कार्डावर कोटातला फोटो, खाली ट्रान्सपोर्ट कंपनीचं नाव, आणि कंपनीची गाडी म्हणून जी काय होती ती थोरल्या वहिनीच्या बुडाखालची पिकअप.

घरचं दुकान काचेचं आणि आरशांचं. थोरलीचा नवरा दिवसभर मान खाली घालून काच कापायचा आणि गाडीचं नाव काढलं की कानांवर हात ठेवायचा. कापलेला माल गिऱ्हाइकाच्या भिंतीपर्यंत न्यायचा तो तिनेच. मागे हौद्यात लाकडी घोडी, घोडीला जुनी गोधडी बांधलेली, गोधडीला टेकून आरसे उभे. झोळीतलं पोर जागं होऊ नये तशी ती वळण घ्यायची. आरशांत झाडं हलायची, गच्च्या हलायच्या, अख्खं आभाळ डुलायचं, पण कधी तडकलं नाही.

गाडी सासूबाईंच्या नावावर होती, आणि किल्ली रोज संध्याकाळी त्यांच्या उशाखाली जायची. शेठची कार्डं छापून आली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "एका गाडीला दोन धनी नकोत. कोणाच्या हातात द्यायची ते मी बघून ठरवते."

म्हणजे गाडी शेठकडे गेली, की थोरलीने गल्ल्यामागच्या खुर्चीत बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काचेची जाडी सांगायची. मरेपर्यंत. तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि पुढचे काही दिवस ती शेठकडे, भिंतीवरच्या पालीकडे बघावं तशी बघत राहिली.

शेठना संधी लवकरच मिळाली. गाडी पंक्चर झाली. थोरली दुकानात मालावर कागद चढवत होती तोवर शेठनी बाह्या वर करून, शेजारपाजाऱ्यांना दिसेल असं अंगणात चाक खोलायला घेतलं. पाना घेतला तो नटापेक्षा मोठा. तो नटावर सैल बसला, घसरला, पुन्हा घसरला. शेठ घामाघूम, आणि सगळ्या नटांचे कोपरे झिजून लाडवासारखे गोल. शेवटी गॅरेजवाल्याला बोलवावं लागलं. त्याने छिन्नी लावून एकेक नट फोडून काढला, चाक बाजूला केलं आणि जाता जाता विचारलं, "हे दिवे कोणी लावले?"

"जुने होते नट," शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नृत्यशाळेचे आरसे पोचवायचे होते, पुरुषभर उंचीचे, भिंतभर. सासूबाई ओसरीतल्या खुर्चीतून बोलल्या, "दोघं जा आणि नवे नट आणा. उद्या सकाळी गाडी रस्त्यावर पाहिजे."

"मी आणतो आई. वहिनींना कशाला त्रास?"

"दोघं," सासूबाई म्हणाल्या.

स्पेअर पार्टच्या दुकानात छतापर्यंत खोके होते आणि काउंटरच्या काचेवर तेलकट बोटांचे ठसे. ही काच शेवटची कधी पुसली असेल, असं थोरलीच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. दुकानदार कानात काडी घालून बसला होता.

"चाकाचे नट दाखवा," शेठ म्हणाले. "एकदम भारी. पिकअपचे. आमची ट्रान्सपोर्ट कंपनी आहे."

"जुना नट आणलाय?"

"जुना कशाला? नवे घ्यायचेत."

दुकानदाराने काडी काढून तिच्या टोकाकडे नीट पाहिलं. शेठपेक्षा तिथे जास्त काही सापडेल असं त्याला वाटत असावं. "आटे जुळायला लागतात, साहेब. दिसायला नट सारखाच. कुणाचे आटे जाड, कुणाचे बारीक. चुकीचा असला तरी दोन फेरे आत जातो, मग अडतो. आणि तोंडही बघावं लागतं. रिमचं भोक उतरतं असलं तर नटाचं तोंड उतरतं पाहिजे. सपाट चालत नाही."

"मला डोळ्यांनी कळतं. काढा तुम्ही."

त्याने काढले. साधे काळपट काढले, उघड्या तोंडाचे, आरपार दिसणारे. मग टोपीवाले काढले, मग शेवटी कोपऱ्यातल्या खोक्यातून चकचकीत काढले, आरशासारखे, डोक्याला घुमट असलेले. शेठचे डोळे लकाकले. त्यांनी एक नट उचलून त्यात स्वतःचं तोंड पाहिलं, केस सारखे केले आणि म्हणाले, "हे बघा वहिनी! याला म्हणतात माल. गाडी लांबून ओळखू येईल."

"येईल भाऊजी," थोरली म्हणाली. "लांबूनच येईल."

तिने त्यातला एक नट सहज उचलला आणि आतून नख फिरवलं. आटे बारीक होते. तिच्या गाडीचे जाड. चाकामागच्या स्टडचे, म्हणजे नट बसतो त्या दांडीचे, आटे तिने कितीदा ब्रशने साफ केले होते, तेलाचं बोट फिरवलं होतं. नखाला ते पाठ होते. तोंड मात्र उतरतं निघालं, तेही शेठच्या नशिबाने, अकलेने नाही.

दुकानदार तिच्या नखाकडे बघत होता. त्याने भुवया उंचावल्या. बोलणार का, असा तो प्रश्न होता.

थोरलीने नट होता तिथे ठेवला, पदर सारखा केला आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघायला लागली. उन्हात एक कोंबडा कचरा उकरत होता, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, छाती काढून. लाव बाबा, तिच्या मनाने म्हटलं. लाव सगळ्यांसमोर. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत लाव. मला एक शब्द खर्च करायचा नाही तुझ्यावर.

"पाना लागलेला माल परत घेत नाही," दुकानदार म्हणाला. ते शेठना उद्देशून होतं की तिला, कुणास ठाऊक.

घरी आल्यावर सासूबाईंची खुर्ची अंगणात आली. गाडी जॅकवर एका पायाने उभ्या बगळ्यासारखी तिरकी. शेठनी पंक्चर काढून आणलेलं चाक चढवलं आणि पहिला नट बोटांनी फिरवला. एक फेरा गेला. दुसरा गेला. मग नट थांबला.

"गंज आहे," शेठ म्हणाले आणि पाना लावला. या वेळी पाना मापाचा होता. तेवढं ते शिकले होते. पाना हलला नाही. शेठनी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, म्हणजे हात लांब झाला, आणि त्यावर अंगाचं सगळं वजन टाकलं. नट करकरत आत सरकला. तो आवाज थोरलीच्या दातांतून गेला.

"बसतोय!" शेठ ओरडले. "बघा आई, जोर लागतो याला. हे बायकांचं काम नाही."

थोरली दुकानाच्या उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी. एक शब्द बोलली असती तर अजून वेळ होती. पहिलाच नट होता. आटे थोडे दुखावले होते, मेले नव्हते. पण "बायकांचं काम नाही" हे ऐकलं आणि ओठावर आलेला तो शब्द तिने परत आत ढकलला, कुत्र्याला दारातून ढकलावं तसा.

दुसरा नट तसाच करकरला. तिसऱ्याला शेठ पाइपवर उभेच राहिले. कट्ट असा आवाज झाला. स्टड मोडला. नट, स्टडचा तुकडा आणि शेठ, तिघं एकदम जमिनीवर आले. नट घरंगळत नालीपर्यंत गेला, जाताना उन्हात असा चमकला की नजर ठरेना.

शेठ बसल्या जागी आपला कोपर बघत राहिले. रक्त आलं होतं. "मालच खराब दिला त्याने," ते म्हणाले, पण आवाजात शेठपणा उरला नव्हता.

थोरलीच्या आत काहीतरी टाळ्या वाजवत होतं.

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून चाकाशी वाकल्या, मोडलेल्या स्टडवरून बोट फिरवलं, बाकीच्या दोन नटांना हलवून बघितलं. ते आता ना पुढे जात होते, ना मागे येत होते. मग त्या वळल्या, मुलाकडे नाही, सुनेकडे.

"तू होतीस ना दुकानात?"

"होते."

"हात लावलास नटाला?"

"लावला."

"कळलं होतं?"

थोरली खोटं बोलू शकली असती. पण या बाईपुढे खोटं बोलायचं म्हणजे सासूबाईंनाही शेठच्या रांगेत बसवायचं, आणि तेवढं हलकं ती त्यांना धरत नव्हती. "कळलं होतं," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं नाही."

"वहिनी?" शेठ खालून म्हणाले. एवढंच. तोंड उघडं राहिलं होतं त्यांचं, लहान मुलाचं राहतं तसं.

सासूबाईंनी थोरलीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पालीकडे बघतात तसं. थोरलीला ती नजर ओळखीची वाटली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हा मूर्ख आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी जन्म दिलाय, मला माहीत आहे. मूर्खाकडून गाडी मोडते, त्यात नवल नाही. तू ती मोडताना बघत उभी राहिलीस. तुझी म्हणवतेस ना? स्वतःच्या गाडीचं हाड मोडताना कोणी हाताची घडी घालून बघतं?"

थोरलीने घडी सोडली. मोकळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"किल्ली तुझ्याकडेच राहील. दुसरं आहे कोण? मला निवड करायला तुम्ही दोघांनी ठेवलंय काय?" त्यांनी कमरेची किल्ली काढून खुर्चीवर टाकली. हातात दिली नाही. "पण उद्या आरसे जात नाहीत. ते नृत्यशाळेच्या बाईंना तू सांगायचं. आत्ता. माझ्यासमोर. आणि याच्यावर ढकलायचं नाही."

थोरलीने फोन लावला. पलीकडून घुंगरांचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"उद्या नाही म्हणजे? मुली सकाळपासून येऊन बसणार आहेत. तुम्ही लोक शब्द देताच कशाला?"

"चुकीचे नट लागले चाकाला, बाई. स्टड मोडला."

"चुकीचे लागले म्हणजे आपोआप लागले का? कोणी लावले?"

थोरलीने शेठकडे पाहिलं. ते कोपर धरून, मान खाली घालून बसले होते, आणि कोटातला तो फोटो यांचाच होता हे आत्ता कुणाला पटलं नसतं. त्यांचं नाव तिच्या जिभेवर तयार होतं, गोड, पिकलेलं, नुसतं खाली पडायचं बाकी. सासूबाई बघत होत्या.

"आम्हीच लावले," ती म्हणाली.

"मग मोठे हुशार आहात," पलीकडची बाई फणकारली. "तुमच्याकडे गाडी बघायला माणूस नाही का कोणी?"

"आहे."

"कोण?"

"मी बघते," थोरली म्हणाली.

पलीकडून हसण्याचा एक छोटा, कोरडा आवाज आला आणि फोन ठेवला गेला.