वेणीवाला व्यापारी

वुयीच्या डोंगरात चहाची पानं तापल्या कढईत उघड्या हातानं भाजत. यंदा गुरूंनी ती कढई धाकट्या शिष्याला, शुइशेंगला दिली आणि थोरल्या गेंगफूच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात चिनी पुरुषांसारखीच लांब वेणी असलेला एक परगावचा व्यापारी आला आणि तोही शुइशेंगचीच वाहवा करू लागला. गेंगफूनं त्याला बाजूला घेतलं. भाजणीची आच, बी ओल्या वाळूत जिवंत ठेवायची युक्ती, गावाबाहेर न सांगायचं सगळं ओकून टाकलं.

वसंतात कळलं, तो गोरा विलायती होता, वेणी खोटी होती अन् बियाणं समुद्रापार गेलं होतं. व्यापाऱ्यानं वाहवा केली होती ती शुइशेंगची, म्हणून गाव त्याच्यावरच धावून गेलं. "तूच गुपित फोडलंस मेल्या!"

गेंगफू आयता सुटला होता. पण त्याला राहवेना.

"ह्याला काय डोंबल येतंय!" तो ओरडला. "मी सांगितलं, मी!"