बुचाचं सांगायचं राहिलं

मुलांनो, जरा डोळे मिटा. थंडीचे दिवस आहेत असं समजा. इतकी थंडी, की अंगणातल्या बादलीवर सकाळी बर्फाची पातळ काच धरते. डोंगराच्या कुशीत एक जुनं घर आहे आणि त्या घराच्या न्हाणीत गळ्यापर्यंत बुडता येईल एवढा खोल लाकडी हौद आहे. बाहेरच्या चुलीत लाकडं घालायची, दोन तास आच द्यायची, तेव्हा कुठे त्यातलं पाणी तापतं. आता त्या एकाच पाण्यात घरातली सगळी माणसं एकामागून एक उतरणार आहेत. थांबा, नाक मुरडू नका! साबण लावायचा, अंग घासायचं, खळाळून धुवायचं, ते सगळं हौदाच्या बाहेर, छोट्या चौरंगावर बसून. हौदात उतरायचं ते फक्त अंग शेकायला. म्हणून पाणी स्वच्छ राहतं. ते पाणी कुणा एकाचं नसतं, घराचं असतं.

सुझुनाच्या घरी अशीच रीत होती. सुझुना नऊ वर्षांची. जपानमधल्या वाकायामाच्या डोंगरात, उमे नावाच्या आंबट फळांच्या बागांमधल्या त्या वाडीत तिच्या वयाचं दुसरं मूल नव्हतं. शाळा बसने पाऊण तासावर. खेळायला कोण, तर आजोबा, आणि त्यांना खेळापेक्षा डुलकी प्रिय. पण तिची आजी, तोमिए, घरातल्या दोन खोल्या वाटसरूंना राहायला देत असे. पाहुणे आले की सुझुनाचा दिवस उजाडायचा. मग ते कुठल्याही देशाचे असोत.

यंदा आजीचे गुडघे फार कुरकुरायला लागले होते.

"आज दोन परदेशी येतायत, नवराबायको," आजी म्हणाली. "घर दाखवायचं काम तुझं. हे कसे वागतात ते मी बघणार आहे. पर्यटन मंडळाचा माणूस संध्याकाळी फोन करेल, वसंतातल्या यादीत परदेशी पाहुण्यांसाठी आपलं नाव घालायचं का म्हणून. जमलं तर हो म्हणेन, नाहीतर झेपत नाही म्हणून सांगेन."

"जमेल, आजी!"

"उड्या मारू नकोस. सपाता, अंथरुणं, न्हाणी, सगळं नीट दाखव. आणि बुचाचं सांगायला विसरू नकोस. पाणी सोडायचं नाही म्हणावं."

दुपारी ते दोघे चालतच आले. बसचे पैसे वाचवायला सहा किलोमीटरचा चढ चढून आले होते. तो दुआर्ते, ती ग्रासा, दोघं पोर्तुगालची. पाठीवर त्यांच्याएवढ्याच पिशव्या. खोली त्यांनी जेवणाशिवाय घेतली होती, कारण तशी ती स्वस्त पडते. दुआर्तेने पिशवीतून दुकानातला भाताचा डबा काढला आणि त्यावरचं पिवळं लेबल सुझुनाला अभिमानाने दाखवलं.

"अर्धा किंमत! काल संध्याकाळ आम्ही दुकानात उभा, उभा, उभा. मग काका आला, लेबल चिकटवला. आम्ही पकडला!"

सुझुना खो खो हसली. दवाखान्यात कामाला जाणारी तिची आईसुद्धा असंच करायची, फक्त कुणाला सांगायची नाही.

"मोठं हॉटेल, तर आठ दिवसात घरी परत," ग्रासा बोटं दाखवत म्हणाली. "असं घर, तर दीड महिना. आणि असं घर जास्त छान. इथे आजी आहे."

आजीने आतून ते ऐकलं असावं. थोड्या वेळाने तिने मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप आणि मुळ्याचं लोणचं पाठवलं. "फुकट नाही म्हणावं, उरलं होतं," असा निरोपही दिला. सूप तर नुकतंच उकळलं होतं.

सुझुनाने घर दाखवलं. इथे बूट काढायचे. चटईवर सपाताही नाहीत. ही अंथरुणं, ही अशी पसरायची. न्हाणीत तिने चौरंगावर बसून अंग घासायचं सोंगही केलं. मग तिची नजर हौदाच्या तळाशी, साखळीला बांधलेल्या बुचाकडे गेली आणि शब्द तोंडातच अडकला. एवढी मोठी माणसं! त्यांना काय सांगायचं, सगळ्यांचं पाणी सोडून देऊ नका म्हणून? उद्या म्हणायचं, भातावर पाय देऊ नका! तिलाच लाज वाटली. ती म्हणाली, "झालं, एवढंच," आणि त्यांना मांजर दाखवायला घेऊन गेली.

पाहुणे आधी, मग घरचे. पाच वाजता दुआर्ते आणि ग्रासा न्हाऊन लालबुंद होऊन बाहेर आले. त्याच वेळी आजोबा उमेची झाडं छाटून परतले. त्यांची बोटं इतकी आखडली होती की छाटणीची कात्री हातातून सुटेना. ते टॉवेल घेऊन न्हाणीत गेले आणि लगेच बाहेर आले.

"तोमिए," ते हळूच म्हणाले, "पाणी नाही."

"नाही म्हणजे?"

"हौद रिकामा आहे. चकचकीत आहे, पण रिकामा."

आजीने स्वतः जाऊन पाहिलं. परत आली तेव्हा तिचे ओठ आवळलेले होते. "सुझुना, बुचाचं सांगितलं होतंस ना?"

सुझुनाने मान हलवली. "हो."

"सांगूनही सोडलं! दोन तासांची लाकडं!"

"असू दे," आजोबा म्हणाले. त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "एक दिवस नाही न्हालो तर काही मी आंबणार नाही."

"तुम्ही गप्प बसा. आंबायला काय, तुम्ही कधीचे आंबलायत."

सुझुना पाहुण्यांच्या खोलीकडे गेली. ग्रासाच्या बाह्या अजून वर दुमडलेल्या होत्या. "आजोबा खूश?" तिने विचारलं. "मी पाणी काढलं. मग घासलं, घासलं. आमच्या घाण पाण्यात आजोबा कसा बसणार? आमच्या घरी असं पाणी ठेवलं, तर माझी आई मला मारेल." आणि ती मनापासून हसली.

सुझुनाला हसता आलं नाही. त्या बाईने गुडघ्यांवर बसून हौद घासला होता, आजोबांसाठी. आणि स्वयंपाकघरात आजी तिच्यावरच चिडली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"हो, मीच बोलतेय," आजीचा आवाज आला. "त्या यादीचं ना? नाही हो. परदेशी नकोत आम्हाला. सांगूनही ऐकत नाहीत, काय करायचं..."

सुझुना धावत गेली आणि आजीच्या बाहीला लोंबकळली. "आजी, मी सांगितलंच नाही!"

आजीने फोनवर हात ठेवला. "काय?"

"बुचाचं. सांगितलंच नाही. मघाशी हो म्हटलं ते खोटं होतं. मला वाटलं, मोठ्या माणसांना असं सांगणं बरं दिसत नाही. आणि त्यांना वाटलं, आजोबांना घाण पाणी ठेवणं बरं दिसत नाही. ग्रासाताईने हौद घासलासुद्धा."

फोनमधून "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं.

"अहो, ऐकताय ना?" आजी शेवटी फोनमध्ये म्हणाली. "नाव घाला यादीत. चूक आमच्याच घरातली निघाली." फोन ठेवून ती म्हणाली, "खोटं बोललीस त्याचं आपण नंतर बघू. आता त्यांना कोण सांगणार?"

"कशाला सांगायचं?" आजोबा म्हणाले. "बिचारे ओशाळतील. उद्या तर जाणारच आहेत."

"आणि परवा पुढच्या घरी जाऊन तिथलं पाणी सोडतील. तिथली आजी माझ्याइतकी गोड असेलच असं नाही."

आजोबांना चहाचा ठसका लागला.

सुझुना उठली. तिला पोर्तुगीज येत नव्हतं आणि पाहुण्यांचं जपानी बोटांवर मोजण्याइतक्या शब्दांचं. तिने एका हाताने दुआर्तेला धरलं, दुसऱ्याने ग्रासाला, आणि दोघांना न्हाणीत ओढत नेलं. मग मोजे काढून, बूच परत जागेवर बसवून, अंगावरच्या कपड्यांनिशी ती त्या रिकाम्या हौदात उतरली.

"हे तुम्ही," म्हणत ती दुआर्तेसारखी लांब पाय करून बसली आणि "छान! छान!" ओरडली. मग बाहेर आली. पुन्हा पाठ वाकवून, हुं हुं करत आत उतरली. "हे आजोबा." डोळे मिटून तिने असा लांबलचक हुंकार काढला, की दाराशी आलेले आजोबा म्हणाले, "मी असा कण्हतो?"

"याच्यापेक्षा मोठ्याने," आजी म्हणाली.

सुझुना बाहेर आली, पुन्हा उतरली. "ही आई, दवाखान्यातून दमून आलेली. ही तिच्या मांडीवर मी." प्रत्येक वेळी ती हौदाच्या काठावर हात ठेवून दाखवायची: पाणी इथपर्यंत, तेच पाणी, अजून तेच.

ग्रासाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. दुआर्ते आजोबांसमोर इतका खाली वाकला की कपाळ भिंतीवर आपटलं. पण सुझुनाने बोट उचलून दोघांना थांबवलं. अजून एक माणूस उरलं होतं.

ती गुडघे धरून, एकेक पाय उचलत, सावकाश हौदात उतरली. पाठ टेकली. "आता कुठे दिवस संपला बाई," हुबेहूब आजीच्या आवाजात म्हणाली आणि घटकाभर तशीच बसून राहिली.

आणि मग, सगळ्यात शेवटी, तिने साखळी हातात घेऊन बूच ओढलं.