यान अठ्ठावीसचा उत्तरार्ध

वामनरावांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या नोंदींवर संशय घेण्यात गेली. मारेगावच्या मोजणी कार्यालयात तीस वर्षं बसून ते एक गोष्ट पक्की शिकले होते, की खोटी नोंद खरीपेक्षा नेहमी स्वच्छ असते. खऱ्या नोंदीत खाडाखोड सापडते, शाई सांडलेली असते, कुणाचं तरी नाव चुकलेलं असतं. खोटी मात्र अगदी नटूनथटून येते. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. भाजीवालीच्या तराजूपासून डॉक्टरच्या थर्मामीटरपर्यंत कशावरच त्यांचा भरवसा नव्हता. भरवसा होता तो फक्त 'यान अठ्ठावीस'वर.

ही रविवारी सकाळी दहा ते अकरा लागणारी, हिंदीत डब केलेली मालिका. एक यान पृथ्वीवरून निघालं आहे आणि ते कुठंच पोचत नाही, एवढीच तिची गोष्ट, पण ती आठ वर्षं चालली होती. मारेगावात तिच्यावर जीव टाकणारे तिघंच. एक वामनराव, दुसरा बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा राजदीप, आणि तिसरा कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर असणारा उकंडा. हा उकंडा बारा किलोमीटरवरच्या चिंचडोहचा.

अडचण होती लोडशेडिंगची. मारेगावची लाईन बरोबर साडेदहाला जायची आणि चिंचडोहच्या फीडरवर तेव्हाच यायची. म्हणजे पूर्वार्ध गावात दिसायचा आणि उत्तरार्ध खेड्यात. मग दुपारी चारला राजदीपच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, दोन्ही तुकडे जोडायचे. वामनराव ते वहीत उतरवून घ्यायचे, भाग क्रमांक आणि तारखेसह.

नियम दोनच, आणि दोन्ही वामनरावांचे. पाहिलं ते आधी सांगायचं, वाटलं ते मागून. आणि जो आणेल तोच ऐकेल. दुसरा नियम फुकट चहावाल्यांसाठी होता. पण फुलचंद शिंप्याच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली तेव्हा त्यालाही त्यांनी दारातच सांगितलं होतं, "आधी टीव्ही दुरुस्त कर, मग ये." फुलचंद परत आला नाही. नियम म्हणजे नियम, असं वामनराव म्हणाले आणि पान उलटलं.

त्या हिवाळ्यात त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

झालं असं, की उकंडानं एका रविवारी तारा उठल्याचं सांगितलं. तारा ही यानाची दिशा पाहणारी बाई. दोन वर्षांपासून ती काचेच्या पेटीत झोपलेली होती, आणि ती उठावी म्हणून वामनराव देवालाही सांगून बसले होते. उकंडा म्हणाला, "उठली, काका. उठल्याबरोबर इचारलं, बाहेर कोनता महिना चालू हाय?" वामनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं.

पुढच्या रविवारी 'अब तक आपने देखा'मध्ये तारा पेटीतच होती.

राजदीपला काही वाटलं नाही. त्यानं लगेच सिद्धांत मांडला, "काका, यानं दोन हायेत. एक खरं अन् एक त्याचं आरशातलं. आपन एका रविवारी हे पाहून राह्यलो, एका रविवारी थे." उकंडानंही घाईघाईनं मान डोलावली. ती घाई वामनरावांना खटकली. पुढं जसजसं जुळेना, तसतसा राजदीपचा सिद्धांत फुगत गेला. आता तर यानं पाच झाली होती.

वामनरावांनी वही मागं मागं चाळली. आधीच्या वर्षांत उकंडाच्या सांगण्यात हमखास काही तरी राहून गेलेलं असायचं. 'इथं व्होल्टेज पडलं.' 'इथं केबल गेली.' 'इथं बकरी आत आली.' दिवाळीपासूनच्या चौदा भागांत मात्र असं एकही छिद्र नव्हतं. व्होल्टेज पडलं नव्हतं आणि बकरीही आली नव्हती.

"जाहिराती कोणत्या लागल्या होत्या रे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्याच, काका. साबनाच्या."

हे उत्तर कधीच चुकणार नव्हतं, आणि म्हणूनच वामनरावांची खात्री पटली. उकंडा खोटं सांगत होता. पण मग तारा उठली नव्हती, आणि ते त्यांना सोसवत नव्हतं. आठ वर्षांची वही खोटी की उकंडा खरा, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. पुढच्या रविवारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्वार्ध सोडला, वही काखेत मारली आणि सकाळची बस धरून चिंचडोह गाठलं.

फाट्यावरून गावात शिरताना गावाला वीज देणारी डीपी दिसली. काळी पडलेली होती आणि तिच्यावर वेल चढला होता. दिवाळीच्या आधी जळली, पारावरच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. अर्ज दिले, पण कुणी आलं नाही. मग त्यानं वहीकडे पाहिलं. "तुमी सर्वेवाले का? मांगच्या महिन्यात दोन पार्ट्या येऊन गेल्या. दिल्लीचे होते. कापसाचं लिहून नेलं, बोंडअळीचं लिहून नेलं. येत तं काहीच नाही."

"सर्वेवाला नाही. उकंडाकडे आलो," वामनराव म्हणाले. चौदा रविवारांचा हिशेब लागला होता. सापडला चोर, असं त्यांच्या मनात आलं, पण आनंद झाला नाही.

उकंडाच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं बसली होती. ओसरीवर बंद टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल, आणि बाजूला उभा राहून उकंडा सांगत होता. मालिकेच्याच वेळेला तो गावाला मागच्या रविवारचा भाग सांगायचा. वामनराव दिसताच त्याचा आवाज बसला.

पारावरचा म्हाताराही मागोमाग येऊन बसला होता. त्याचं नाव भावसिंग. वामनराव कोण ते कळल्यावर तो उठून उभाच राहिला. "बरं झालं तुमी आले. हा म्हनते, मारेगावात तुमच्या घरी इन्व्हर्टर हाय, तुमी पुरा भाग पाह्यता अन् दुपारी याले सांगता. मले कवापासून शक हाय. आता तुमीच सांगा. थे तारा उठली का नाही?"

सगळी माणसं वळून बघायला लागली. उकंडानं मान खाली घातली. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द उच्चारला असता तर या माणसाला गावात पुन्हा तोंड उघडता आलं नसतं.

वामनरावांनी वही उघडली, चष्मा लावला आणि आपलंच अक्षर मोठ्यानं वाचलं, तारखेसकट, भाग क्रमांकासकट. "तारा उठली. तिनं विचारलं, बाहेर कोणता महिना चालू आहे." वही मिटून ते म्हणाले, "नोंद आहे."

"मंग ठीक," भावसिंग म्हणाला आणि खाली बसला.

उकंडाची बायको नलू पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काका, आता तुमच्या घरी लाईन असंल. पाहाचं सोडून इकडं कायले आले?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं. वामनराव घटाघट पाणी प्यायले आणि तांब्या तिच्या हातात देऊन निघाले.

परतताना उकंडा वही आपल्या हातात घेऊन फाट्यापर्यंत सोडायला आला. 

"चौदाही भाग माह्या मनचे हायेत," वाटेत उकंडाच म्हणाला.

"कळलं मला. पण डीपी जळली असं सांगायचं होतंस ना सरळ."

"सांगनार होतो. पन फुलचंदभाऊले तुमी दारातून परतावलं, तवा मी तिथंच होतो. गाव वाट पाहे. पयला अर्धा भाग मले पाह्यजेच होता. मंग दुसरा अर्धा कुठून आनू? मनचाच आनला."

 आपला नियम आपण कुणासाठी केला होता आणि तो कुणाला लागला, हे वामनरावांना आता दिसत होतं.

"येत जा तू," ते म्हणाले. "काही नसलं तरी ये, रिकाम्या हातानं ये. मी तरी आज काय घेऊन आलो होतो?"

"तुमी रिकाम्या हातानं नाही आले, काका," उकंडा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "शक घेऊन आलते."

एवढं बोलून त्यानं रस्त्यावर जाऊन येणाऱ्या बसला हात दाखवला, वामनरावांचा दंड धरून त्यांना पायरीवर चढवलं आणि वही त्यांच्या हातात दिली. बस सुटली. खिडकीतून त्याला हात करावा असं वामनरावांना फार वाटलं, पण लाजेनं तो वर उचलवलाच नाही.