आम्ही दोघी, एका विहिरीच्या

मी कसबा पेठेतल्या एका सोसायटीच्या विहिरीच्या दगडावरून बोलतेय. मी हरिता, म्हणजे मॉस. लोक मला शेवाळ म्हणतात आणि पाय जपून टाकतात. मला फूल नाही, खरं मूळ नाही. पण वैशाखात वाळून काळी पडले, तरी चार थेंब मिळताच मी पुन्हा हिरवी होते. किती जणांना जमतं हे?

माझी एक बहीण आहे, अगदी माझ्यासारखी दिसणारी. मी वरच्या दगडांवर, ती खाली पाण्यालगत. या शहरात आमच्या दोघींचीही ठिकाणं फार थोडी उरलीत.

गेल्या वर्षी विहिरीचे खालचे दगड निसटू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर साने म्हणाले, "खाली काँक्रीट करू." तिसऱ्या मजल्यावरची शेफाली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "काका, खालची हरिता वेगळी वाटते. दोन्ही दुर्मिळ आहेत."

"वरचं शेवाळ ठेवतोय ना आपण?"

तिने आम्हा दोघींची चिमूट चिमूट पांढऱ्या बशीत ठेवली आणि त्यांच्या हाती भिंग दिलं. "वाळल्यावर वरच्या हरितेची पानं पिळवटतात, खालचीची सरळ राहतात. आता या बीजाणूंच्या बारीक बोंड्या बघा. हिची मान वाकलेली, हिची ताठ."

सान्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे इथे दोन बिऱ्हाडं आहेत आणि आपण एकच धरून चाललो होतो." मग म्हणाले, "पण विहीर ढासळली तर दोघीही जातील."

तेही खरंच होतं. शेवटी काँक्रीट करण्याआधी गवंड्यांनी बहिणीचे दगड तिच्यासकट उचलले आणि माझ्या शेजारी, पाणी झिरपतं तिथे बसवले.

ती तपकिरी पडली. मी तिला धीर देत राहिले, पण मनातून घाबरले होते. साने रोज तांब्याने पाणी शिंपडायचे. "घरच्या कुंड्यांना कधी घातलं नाहीत," त्यांच्या पत्नी उल्काताई म्हणायच्या.

श्रावणात तिच्या टोकांवर हिरवा रंग आला. आज तिच्या बोंड्या ताठ उभ्या आहेत आणि माझ्या माझ्या पद्धतीने वाकलेल्या.

आम्हाला कुंडीत नेऊ नका, सजवू नका. सावली आणि ओला दगड राहू द्या, बाकीचं आम्ही बघू. फक्त कधी जवळ आलात तर खाली वाका, नीट बघा, आणि आम्हाला दोघी म्हणा.